तुला कोट चढवलाय, दादा

दादा, तुला कोट चढवलाय.

निळा कोट, मरून टाय, कडक पांढरा शर्ट. रोह्याला स्टँडसमोर तुझा श्रद्धांजलीचा फ्लेक्स लागला, त्याच्यापुढून मी गाडी घेऊन गेले आणि तुला ओळखलंच नाही. कोणीतरी बँकेतला साहेब गेला बिचारा, असं मनात म्हणून पुढे निघाले होते. मग नाव वाचलं. भर रस्त्यात माझी गाडी बंद पडली आणि मागचा रिक्षावाला हॉर्न मारून मारून दमला. अख्ख्या जन्मात तुझ्या अंगाला कोट लागला नाही. लग्नातसुद्धा उकडतंय म्हणून तू नुसत्या सदऱ्यावर उभा राहिलास आणि आई मरेपर्यंत त्यावरून बोलत राहिली.

आणि कोट तरी कोणाचा? तूच कापलेला. तुला ठाऊक आहे सगळं, पण आज मला बोलू दे, आज तू मध्ये बोलू शकत नाहीस. कधीकाळी एका लग्नातल्या नवरदेवाचा फोटो घेऊन तू त्याचं मुंडकं उडवलंस आणि कोट तेवढा कॉम्प्युटरमध्ये जपून ठेवलास. मग कोणाकडे माणूस गेला की घरचे आधार कार्ड घेऊन तुझ्या स्टुडिओत यायचे. "भाऊ, हाराचा फोटो करून द्या." तू त्या कार्डावरचा भेदरलेला चेहरा उचलायचास आणि नवरदेवाच्या कोटावर बसवायचास. कोट चढवणं म्हणता तुम्ही याला तुमच्या धंद्यात. तुझ्याकडून तो कोट पेन ड्राइव्हमधून सगळ्या दुकानांत गेला. आज रोह्याच्या अर्ध्या भिंतींवर शेतकरी, गवंडी, कंपनीतले फिटर, भाजीवाले असे सगळे एकाच नवरदेवाच्या कोटात टांगलेत. आता तूही त्यांच्या रांगेत. फ्लेक्सवाल्याने तुझी मान नीटसुद्धा बसवली नाही, डावीकडे कलली आहे.

वहिनी म्हणाल्या, "चांगले दिसतायत की, वन्सं." मी म्हटलं, "डोंबल चांगला दिसतोय!" त्या रडायला लागल्या. चुकलं माझं, मान्य. त्या बिचाऱ्या दुसरा फोटो कुठून आणणार होत्या? सगळ्या जगाचे काढलेस, स्वतः कायम कॅमेऱ्याच्या मागे. त्यांच्या हाताला लागलं ते आधार कार्ड. तेराव्याला तो फोटो पाटावर ठेवला आणि सगळ्यांनी एकेक हार घातला. मी नाही घातला. मी उठून पडवीत जाऊन बसले. आत कुजबुज झाली ती मला ऐकू आली. "भावाशी बोलत नव्हती ना शेवटी."

खरं आहे ते. सहा आठवडे आपण बोललो नव्हतो. तू माझ्यावर रागावून गेलास का, एवढं एकच मला कळायला हवं आहे. बाकी सगळं लोक सांगतात मला; अटॅक कसा आला, खुर्चीत कसा बसल्या बसल्या गेलास. हे एक कोणी सांगत नाही, आणि ज्याला विचारायचं तो टाय लावून बसलाय.

अकरा वर्षं आपण रविवारी फिरलो. लोकांना वाटायचं तू कलाकार आणि मी तुझी हौशी बहीण. सुरुवात कशी झाली हे कोणाला सांगितलं नाहीस कधी, तुझी इभ्रत गेली असती. मी बेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकले आणि शेजारी बसायला कोणी तयार होईना. माझे हे तर पहिल्याच दिवशी धरमतरच्या रस्त्यावर उतरून रिक्षाने घरी गेले. तूच काय तो बसलास. पण मी दुसऱ्या गिअरच्या वर जायचे नाही. पेणहून नागोठण्याला जायला आपल्याला सकाळ जायची. कंटाळून तू खिडकी खाली केलीस आणि कॅमेरा काढलास.

मग तेच आपलं होऊन बसलं. रविवारी सकाळच्या पॅसेंजरने तू पेणला यायचास, मी स्टेशनवर गाडी लावून उभी. कधी जिते गावाकडे, कधी खाडीच्या बाजूला, बहुतेक वेळा आतल्या आतल्या रस्त्यांनी रोह्याकडे. मला टॉप गिअर येऊ लागला तरी तू टाकू द्यायचा नाहीस. "हळू," म्हणायचास. मी दुसऱ्यावर यायचे. मग नुसता कॅमेऱ्याचा खट्ट आवाज, आणि तू म्हणायचास, "चल." अकरा वर्षांत "थांब" हा शब्द मी तुझ्या तोंडून ऐकला नाही. मी सुरुवातीला विचारलं होतं, थांबूया ना, धड काढ तरी. तेव्हा म्हणालास, "गाडी थांबली की माणूस उभा ऱ्हातो, शके. पदर सारखा करतो, केस चापतो. मग तो माझ्या दुकानात आल्यासारखा दिसतो. दुकानातला माणूस मला आठवडाभर बघायला मिळतोच की."

काय काय काढलंस! हायवेच्या अर्धवट कठड्यावर गोधड्या वाळत घालणारी बाई. जित्याच्या फलाटावर पोरीच्या उवा काढत बसलेली आई. एकाच स्कूटरवर कपाटाचं दार आडवं धरून चाललेले दोन भाऊ. पेणला गणपतीच्या कारखान्यांसमोर सगळे मूर्तींचे फोटो काढतात. तू मागच्या गटारीवर बसून पायावरचा गुलाबी रंग दगडाने घासणारा माणूस काढलास. मी म्हटलं, "अरे, मूर्ती इतक्या सुंदर आहेत." तू म्हणालास, "त्या पुढच्या वर्षी पण असतील. ह्याचे पाय आता धुऊन होतील."

रोह्याजवळ वरश्याला तो बनियनवाला मागे धावला होता आठवतं? नवीन बिल्डिंग, त्याने गॅलरी जरा जास्तच बाहेर काढलेली. तू त्याच्या गॅलरीत वाळत टाकलेल्या पापडांचा फोटो काढलास आणि त्याला वाटलं आपण बांधकाम मोजायला आलो. "ओ साहेब, परवानगी हाय, परवानगी हाय!" करत तो गाडीबरोबर धावतोय, तू मला सांगतोयस "हळू, हळू", आणि मी घाबरून तुझं न ऐकता तिसरा टाकला. पुढे जाऊन आपण इतके हसलो की मला गाडी बाजूला घ्यावी लागली. तेवढीच एकदा थांबली असेल.

आणि भांडायचो. घरी जाईपर्यंत भांडायचो. फोटोतली माणसं काय बोलत होती यावर. तू म्हणायचास ती बाई दुधवाल्याला पाणी घालतोस म्हणून झापतेय, मी म्हणायचे नाही, तिच्या लेकीचं जमलंय आणि ती पत्ता विचारतेय. तू म्हणायचास, "आली मास्तरीण! सगळ्यांची लग्नंच लाव तू." सात रस्ते, सतरा भांडणं. मला वाटायचं हे असंच चालणार. मला काय ठाऊक तुझ्या कॅमेऱ्याच्या पिशवीत, काचा पुसायच्या फडक्याखाली गोळ्यांची पाकिटं होती! वहिनींना सापडली आता. महिनोन् महिने छातीच्या गोळ्या खात होतास आणि कोणाला बोलला नाहीस. शहाणाच की नाही तू! माझ्या शेजारी बसून खिडकीबाहेर बघत गोळी गिळायचास आणि मी विचारलं तर म्हणायचास, "खोकल्याची हाय."

आता त्या भांडणाकडे येते.

निडीला रस्त्याला लागून ते घर आहे. मागच्या पावसाआधी अंगणात एक म्हातारा दाढी करून घेत बसला होता. वारीक वस्तरा घेऊन समोर उकिडवा. म्हाताऱ्याच्या अर्ध्या तोंडाला फेस, अर्धं तोंड चकचकीत, अंगात भोकं पडलेलं बनियन, आणि तो मान मागे टाकून हसत होता. तोंडात मोजून चार दात. तू "हळू" म्हणालास ते इतकं हळू की मीच दचकले. रोह्याला जाईपर्यंत तू स्क्रीनवर तोच बघत होतास. वारकाने काय चावट गोष्ट सांगितली असेल यावर आपण अख्खा रस्ता घातला. तू म्हणालास, "अकरा वर्षांत हा एक जमला."

आणि मग ती भागीबाई तुझ्या स्टुडिओत आली. मी नेमकी तिथे होते, शाळेच्या ओळखपत्रांचे फोटो न्यायला आले होते. नऊवारी, हातात प्लास्टिकच्या पिशवीत आधार कार्ड. "भाऊ, हाराचा करून द्या. मालक गेलं." तू कार्ड हातात घेतलंस आणि मी खांद्यावरून पाहिलं. गंगाराम. आपला म्हातारा! मी तोंड उघडणार तेवढ्यात तू डोळे मोठे केलेस. तू तिला विचारलंस, "निळा चालंल ना कोट?" ती म्हणाली, "चालंल." आणि तू त्या माणसाला कोट चढवलास. चारही दात ओठांआड, डोळे विजेच्या दिव्याने दिपलेले, गळ्यात टाय. ती बाई पदराने डोळे पुसत तो घेऊन गेली, आणि तिचा नवरा, हसणारा, सात हातांवर तुझ्या कपाटातल्या डिस्कमध्ये पडून होता.

मी म्हटलं, "दाखवायचास तरी!"

तू म्हणालास, "तिला भिंतीला लावायचाय. दिवसांना पावणे येतील. अर्धी दाढी ऱ्हायलेला माणूस लावू? तिचं दीर काय बोलतील तिला?"

"ते तिला ठरवू दे ना! तू कोण ठरवणारा?"

"शके, तुला नाय कळत. ज्याच्या घरात मयत झालंय त्याला हसता फोटो नको असतो. मी तीस वर्षं ह्या खुर्चीत बसून बघतोय."

आणि मग मी तो शब्द बोलले. चोर. म्हटलं, तू चोर आहेस. लोकांची खरी तोंडं गाडीतून चोरतोस, कपाटात कुलपात ठेवतोस आणि त्यांना नवरदेवाचे कोट वाटतोस. तू खुर्ची फिरवून कॉम्प्युटरकडे तोंड केलंस आणि म्हणालास, "तू गाडी चालवतेस म्हणून फोटो तुझा झाला नाय."

हे बरं नाही केलंस, दादा. मेलास तरी सांगते, हे बरं नाही केलंस. ओळखपत्रं तशीच टाकून मी निघाले. पुढच्या रविवारी स्टेशनवर गेले नाही. तू आलास का ते मला माहीत नाही, वहिनींना विचारायचं धाडस नाही. फोन तू केला नाहीस, मी केला नाही. मी घरात रविवारचे तांदूळ निवडत बसायचे आणि माझे हे म्हणायचे, "अगं, एक फोन केलास तर हात झिजेल का?" मी म्हणायचे, त्याचा झिजतो का बघा आधी. सहा रविवार. सातव्याच्या आधी, मंगळवारी दुपारी, शाळेत तिसरा तास चालू असताना वहिनींचा फोन आला.

तेराव्यानंतर मी तुझी डिस्क मागून घेतली. आधी वाटलं त्यात तुझा एखादा तरी फोटो सापडेल. वेडी! दोन दिवस बघत बसले. माणसंच माणसं, तू कुठेच नाहीस. पण गंगाराम सापडला. मी तो पेणला धुऊन घेतला, चांगला मोठा, आणि गाडी काढली. खोटं कशाला बोलू? भागीबाईच्या दयेने नाही निघाले मी. तुला खोटं पाडायला निघाले. म्हटलं, तिच्या हातात देते, ती रडते का हसते बघते, आणि मग तुझ्या त्या कोटातल्या थोबाडासमोर उभी राहून सांगते, बघ, तिला हवा होता, तू चुकलास. मेलेल्या माणसाशी भांडण जिंकायला निघालेली बाई पाहिली नसशील तू कधी.

निडीपर्यंत आले. शेजारची सीट रिकामी, तरी घर दिसल्यावर हात आपोआप दुसऱ्या गिअरवर आला. मग फोटोतल्या घरापुढे पहिल्यांदाच मी थांबले. खाली उतरले. भागीबाई अंगणात वाल झोडपत होती. कडवे वाल, सगळीकडे शेंगांचा कचरा. मी नाव सांगितलं, तुझं नाव सांगितलं. तिने काठी खाली टाकली.

"बस गो बाय. फोटोवाल्यांची भन तू? ऐकलं आमी. पेपरात व्हतं. पाणी पी आधी."

आत भिंतीवर तो कोट. गंगारामला हार, कुंकू. मी पाकीट पुढे केलं. म्हटलं, "भागीबाई, हा तुमच्या मालकांचा. आधीच द्यायला हवा होता, राहून गेला."

तिने काढून बघितला आणि हसली. म्हणाली, "ह्यो हाय माज्याकडं."

मला कळेना. ती उठली, लोखंडी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला, कुंकवाच्या डबीच्या वर, चिकटपट्टीने लावलेला. तोच फेस, तेच चार दात. तुझ्या दुकानाच्या जाड कागदावर.

"भितीवरचा लोकांना. पावणे येतात, दीर येतात. ह्यो माजा. सकाळी कपाट उघडलं का हसतो माज्याकडं. खरंच माज्याकडंच हसत व्हता तवा. मी दारातून वारकाला बोलले, कान नको कापू रं, तेवढाच ऱ्हायलाय माजं ऐकायला. म्हणून हसला."

दादा, दोघंही चुकलो रे. तो वारकाच्या गोष्टीला हसत नव्हताच. ती दारात उभी होती आणि आपल्याला दिसली नाही.

मी विचारलं, हा कोणी दिला? वास्तविक विचारायचं काय त्यात. ती म्हणाली, "तुजा भाऊ आला व्हता ना. रयवारचा. पॅसेंजरनं आला, टेसनापासून चालत. काय ऊन त्या दिवशी! वट्ट्यावर बसला, तोंड लाल, दोन तांबे पाणी प्यायला. मी बोलले, अवो रिक्षा नाय का केली? तर बोलला, रयवारी बहिणीच्या गाडीत असतो मी, रिक्षा ठरवायची सवय नाय."

कोणता रविवार? मी खोदून खोदून विचारलं. तिला तारीख सांगता येईना, पण तिच्या नातवाचं बारसं दुसऱ्या दिवशी होतं, त्यावरून लागलं. तू गेलास त्याच्या नऊ दिवस आधीचा. छातीच्या गोळ्या खिशात घालून, उन्हात, पाऊण तासाचा रस्ता, एक फोटो द्यायला.

"काही बोलला का?" मी म्हटलं.

"बोलला की. बोलला, हा फोटो तुमचा हाय, मी चोरावानी दडवून ठेवला. माझी बहीण बोलली मला, तिचं बरोबर हाय. ती नसती तर हा निघालाच नसता, गाडी तिची, तिलाच कळतं कुठं किती हळू व्हायचं. मी बोलले, मग तिला घेऊन यायचं व्हतं. तर हसला. बोलला, ती अजून रागात हाय. राग निवला का सांगन तिला."

मी तिथे भागीबाईच्या वालाच्या ढिगाऱ्यात बसून मोठ्याने रडले. ती बिचारी पाठीवरून हात फिरवत राहिली, "गप गो, गप बाय," आणि तिला वाटलं मला भावाची आठवण येतेय. आठवण कसली? मला संताप आला होता. तुझा गळा धरावासा वाटला. माझं बरोबर होतं हे तू निडीच्या एका बाईला तिच्या ओट्यावर बसून सांगितलंस. तिचा तांब्या तोंडाला लावून सांगितलंस. आणि मला नाही. मला सांगायला तुला मुहूर्त हवा होता.

माझा राग निवायची वाट बघत बसलास? दादा, अरे पन्नास वर्षं ओळखतोस मला. माझा राग कधी निवला होता? तू वाट बघितलीस कशाची? फोन करायचास. एक फोन करायचास आणि म्हणायचास, शके, निडीला जायचंय. मी फोनवर भांडले असते, पेणपासून भांडले असते, स्टेशनवर तुला गाडीत घेताना भांडले असते, तुझ्याकडे बघितलंसुद्धा नसतं. पण आले असते रे. भांडत भांडत, गाडी घेऊन, आले असते.